भामाबाईचा घाम

बहात्तरच्या दुष्काळात कडेगावच्या बाजूला नालाबांधाचं काम निघालं आणि गावातली निम्मी माणसं तिथं दगड वाहायला लागली. भामाबाईही होती. एक दिवस भरली पाटी डोक्यावर असताना तिचा पाय मुरमावरून सटकला. ती बांधावरून खाली पाठीवर आदळली आणि मणका दुखावला. मिरजेच्या डॉक्टरांनी तिला बरेच दिवस उताणं निजवून ठेवलं. घरी सोडताना दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "गोळी जालीम आहे. दुखणं दबेल, पण घाम फार सुटेल. भिऊ नका."

घाम सुटला तो साधासुधा नव्हता. गोळी पोटात गेली की थोड्या वेळानं ओठावर थेंब धरायचे, आणि बघता बघता मानेवरून, पाठीवरून धारा लागायच्या. पौषातल्या थंडीतही चोळी पिळून काढावी लागायची. केस गालाला चिकटायचे, हात थरथरायचे. तिचा नवरा धनाजी भिजलेलं लुगडं स्वतः धुऊन कुंपणावर वाळत घालायचा. त्यांच्या बौद्धवस्तीतले गडी हसायचे, पण त्यानं कधी मनाला लावून घेतलं नाही. लाज वाटायची ती भामाबाईला. आपल्या अंगाचा वास येत असेल असं वाटून ती चारचौघांत जाईनाशी झाली.

वरच्या आळीत मात्र वेगळीच कुजबूज सुरू झाली. भामाबाईच्या अंगात येतंय म्हणे. डोळे जड होतात, अंग थरथरतं, घामानं न्हाऊन निघते. देवी नाही तर दुसरं काय? त्या घरात मरीआईचं जुनंच होतं, ती आता परत आली.

मरीआई त्या घरात होती हे खरं. छप्पन साली बौद्ध धर्म घेतला तेव्हा भामाबाईचा सासरा हरिबा यानं देव्हाऱ्यातला टाक, कवड्यांची माळ, सगळं पाटीत भरलं आणि येरळा नदीच्या डोहात सोडलं. ती पाटी डोक्यावर घेऊन गेली होती नवी नवरी भामाबाईच. हरिबा पुढं वारला, पण त्या दिवसाचं बोलणं घरात कायम निघायचं.

एका सकाळी हरणाबाई दारात आली. वरच्या आळीतली मोठी उसवाली बाई. एरवी वस्तीच्या तोंडाशी उभी राहून "भामे" म्हणून हाक मारणारी. आज ती उंबरा ओलांडून आत आली, पुढ्यात नारळ-खण ठेवला आणि पायाशी वाकली.

"आई, माझ्या सुनंला सोडवा. अंबू बाळंत झाली, तवापासनं तापानं फणफणलीया. काय बाय बडबडती. बाहेरची बाधा हाय म्हणत्यात."

भामाबाईनं पाय मागं ओढले. "हरणाआक्का, उठा. देवी न्हाई, काय न्हाई. घाम गोळीचा हाय. अंबूला दवाखान्यात न्या."

"असं परकं करू नका आई. तुमी कौल द्या, मग कुटं म्हणाल तिकडं नेते."

धनाजीनं भामाबाईला बाजूला घेतलं. "देवी म्हणती इट्याच्या दवाखान्यात न्या, असं सांगून टाक की. पोरीचा जीव वाचंल."

तसं सांगणं भामाबाईला सोपं होतं. आणि खरं सांगायचं तर हरणाबाई पायाशी वाकलेली बघून तिला आत कुठंतरी गोडही वाटलं होतं. पण ती म्हणाली, "आज हिला सांगितलं तर उद्या दुसरी यील. तिला कुटला कौल दिऊ? मामंजींनी काडून टाकलं ते मी माज्या अंगावर परत घिऊ व्हय? तुमी जावा, मानसिंगला गाडी जुपाया सांगा."

मानसिंग हरणाबाईचा मुलगा, अंबूचा नवरा. धनाजी तिकडं गेला. भामाबाईनं हरणाबाईला शेजारी बसवलं आणि तिचा हात आपल्या मानेवर ठेवला.

"कोरडी हाय न्हवं? आता बघा." तिनं सकाळची राहिलेली गोळी हरणाबाईच्या देखत पाण्याबरोबर गिळली. "माझ्यासंगं बोलत बसा. डोळं झाकत न्हाई, काय न्हाई."

दोघी अंबूबद्दल, बाळाबद्दल बोलत बसल्या. अंबूला घेऊन बैलगाडी दाराशी येईपर्यंत भामाबाईच्या कानशिलावरून घाम निथळायला लागला होता. हरणाबाईनं पुन्हा तिच्या मानेला हात लावला. तो ओला झाला.

"कुठली देवी गोळी खाऊन येती, सांगा," भामाबाई म्हणाली. "चला, मी पण येते."

विट्याच्या वाटेवर गाडीच्या प्रत्येक धक्क्याला तिच्या पाठीतून कळ जात होती, तरी अंबूचं डोकं तिनं मांडीवरून हलू दिलं नाही. दवाखान्यात नर्सनं आधी तिलाच धरलं. घामानं भिजलेली, पांढरीफटक बाई बघून तिला वाटलं, आजारी हीच. "मी न्हवं, ती," भामाबाईनं बोट दाखवलं.

डॉक्टरांनी अंबूला तपासलं, इंजेक्शनं सुरू केली. बाळंतपणातला जंतुदोष रक्तात भिनला होता. "आणखी उशीर केला असता तर हाती लागली नसती," ते म्हणाले. ताप उतरला तेव्हा अंबूनं पहिल्यांदा बाळ मागितलं, आणि हरणाबाई भिंतीकडं तोंड करून रडली.

अंबू घरी आली त्या दिवशी भामाबाई गाडीतून वेशीतच उतरली आणि भर उन्हात वरच्या आळीतून चालत वस्तीकडं निघाली. गोळीचा अंमल होता, घाम वाहत होता. ओट्यावरच्या बायांपैकी एकीनं विचारलंच, "भामाबाई, आज देवी लय जोरात हाय जणू?"

"देवी न्हवं, मिरजेची गोळी," ती थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. पदर तोंडावर ओढला नाही की भराभर पाय उचलले नाहीत.

पुढं मिरजेच्या डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. घाम थांबला, पाठ मात्र थंडीत धरायची ती धरायचीच. तरी गावातली एखादी लेकुरवाळी तापानं पडली, की घरचे आधी धनाजीच्या दारात यायचे आणि भामाबाई विट्याला बरोबर येईल का, एवढंच विचारायचे.