पास्कू, हँडबॉल आणि तळ्यावरचा डबा

पोस्टिंगची ऑर्डर लडाखची आली तेव्हा बटालियनमध्ये बाकीच्यांना थंडीची काळजी लागली, आम्हा हँडबॉलवाल्यांना ग्राउंडची. मी तेव्हा हवालदार होतो आणि टीमचा कॅप्टन. आमचा गोलकीपर नाईक पास्कल, वसईच्या पाचूबंदरचा, कोळ्याचा पोर. सगळे त्याला पास्कू म्हणायचे. मी साताऱ्याकडचा गडी, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सुट्टीत त्याच्या घरी गेलो तेव्हा. त्याचे हात पाहून माणूस विचारायचा, "हे हात आहेत की वल्ही?" त्या हातांतून चेंडू सुटलेला मी क्वचितच पाहिला.

वर पोचलो. सकाळी पीटी, मग स्नो क्लिअरन्स, पुढच्या पोस्टला रेशन पोचवणं, दुपारी वेपन क्लीनिंग, संध्याकाळी रोल कॉल. हेलिपॅडशेजारी एक सपाट तुकडा मिळाला, तिथं आम्ही खेळायचो. बघायला कोण? तर कुकहाउसचा कुत्रा. तोही जेवणाची वेळ झाली की उठून जायचा.

आणि पलीकडच्या तळ्यावर आइस हॉकी. तळं गोठलं की अख्खं गाव तिथं. जपाचं चक्र फिरवणाऱ्या म्हाताऱ्या, शाळेच्या मुली, गोंपातले लामा, आमचेच जवान. पत्र्याचे डबे बडवून नुसता कल्ला. त्यांचा हिरो होता लान्स नाईक स्टॅनझिन, तिथलाच लडाखी पोरगा, आमच्या कंपनीला अटॅच. तो मला डिवचायचा, "उस्ताद, आपका खेल तो अच्छा है. बस देखनेवाला कोई नहीं."

माझं डोकं सटकायचं. मी म्हणायचो, "अरे, हमारा खेल कितने राज्यों में चलता है, पता है? स्कूल में है, पुलिस में है, फौज में है. तुम्हारा खेल तो धूप निकली, खतम!"

"जितने दिन है, उतने दिन सब देखते हैं ना, उस्ताद."

खरं होतं, म्हणून जास्त झोंबायचं. खेळणारे आमच्याकडे जास्त, बघणारे त्यांच्याकडे. देशाचं म्हणाल तर दोन्ही खेळांना काळं कुत्रं विचारत नाही. पण त्या तळ्यापुरता तो राजा होता आणि आम्ही भिकारी.

मग एके दिवशी सीओ साहेबांनी मला बोलावलं. "हवालदार, इथं आइस हॉकीची टीम उभी करायची. हँडबॉल क्लोज. प्लेअर्स बॅक टू कंपनीज."

"साब, एक सीझन..."

"कोण बघतं तुमचा खेळ? डिसमिस."

मी सॅल्यूट मारून बाहेर आलो. पास्कू दाराशीच उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो भरती झाला होता तोच खेळाच्या कोट्यातून. उन्हाळ्यात कमांडच्या टीमची ट्रायल होती आणि वयाच्या हिशेबानं त्याची शेवटची. टीमच नसेल तर ट्रायलला पाठवणार कोण? निवड झाली असती तर पुण्यात मॅच होती. त्याची आई, मोनी मावशी, आयुष्यभर बंदरावर मासळी विकणारी. तिनं पोराला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. पुण्याला येते म्हणाली होती. नवं लुगडंही काढून ठेवलं होतं, असं पास्कूच सांगायचा.

"उस्ताद, एकदा पब्लिक मिलू दे," तो म्हणाला. "एकदाच. सायबानं डोल्यांनी बघितला ना, तर बंद नाय करनार."

रविवारी तळ्यावर आइस हॉकीची मोठी मॅच होती. सीओ साहेब येणार, गाव येणार. मी स्टॅनझिनला गाठलं आणि अक्षरशः हातापाया पडलो. इंटरव्हलमध्ये तळ्याच्या कडेच्या हिमावर आम्हाला हँडबॉल खेळू दे, म्हटलं. तो हसला नाही. म्हणाला, "खेलो, उस्ताद. मैं पब्लिक को रोकूँगा."

त्या तळ्याची एक रीत होती. संध्याकाळी कडेला बर्फात भोक पाडायचं, बादल्यांनी पाणी काढायचं आणि रिंकवर ओतायचं. सकाळपर्यंत त्याचा गुळगुळीत थर बसतो. ते भोकही रात्रीत वरवर गोठतं, त्यावर भुरभुर हिम पडतं आणि मग काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून खूण म्हणून त्यावर रॉकेलचा रिकामा डबा उलटा ठेवतात. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. जे सगळ्यांनाच ठाऊक असतं, ते कोण सांगत बसतं?

इंटरव्हल झाला. गोलपोस्टला आमच्याकडे एकच काठी. पास्कूला तो डबा दिसला.

"इथं कोनी जालं टाकलंय काय, उस्ताद?" असं म्हणून तो हसला. त्यांच्याकडे समुद्रात जाळं टाकलं की वर असाच एक डबा तरंगत ठेवतात, त्याला बोया म्हणतात. त्यानं डबा उचलला, पाच-सहा पावलं पुढं आणून दुसऱ्या पोस्टच्या जागी ठेवला आणि गोलमध्ये उभा राहिला. हातमोजे काढून फेकले. चेंडू तो उघड्या हातानंच धरायचा.

आणि काय सांगू, पब्लिक थांबलं! पहिला शॉट पास्कूनं एका हातानं अडवला. दुसरा पायानं. तिसऱ्याला झेप घेऊन हिमावर आडवा पडला आणि चेंडू छातीशी. म्हाताऱ्या ओरडायला लागल्या. डबे वाजायला लागले. आमच्यासाठी! सीओ साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. पास्कूनं माझ्याकडे बघून दात काढले. त्याला इतका खूश मी कधीच पाहिला नव्हता.

पुढचा शॉट बाहेरून गेला. चेंडू गोलच्या मागं घरंगळला आणि पास्कू त्याच्यामागं धावला.

त्याच वेळी रिंककडून स्टॅनझिनची किंकाळी आली. "डब्बा किसने उठाया? डब्बा किसने..."

पास्कू दिसेनासा झाला. आवाजसुद्धा झाला नाही.

मी धावलो. स्टॅनझिननं मला धक्का देऊन पाडलं. "लेट जाओ! सब लेट जाओ!" तो पोटावर सरपटत पुढं गेला. मी त्याचे घोटे धरले, माझे दुसऱ्यानं धरले. पास्कूचं डोकं वर आलं. स्टॅनझिननं हॉकीची काठी पुढं केली. पास्कूनं ती धरली.

"पकड़, भाई, पकड़! छोड़ना मत!"

पास्कूची बोटं मिटेनात. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता, ते दुसऱ्याचेच असल्यासारखे. मी मागून ओरडत होतो, "पास्कू, धर! अरे धर, तुझ्या आईची शपथ आहे तुला!" काठी निसटली. त्यानं परत धरली. परत निसटली. तो म्हणाला, "उस्ताद, हात..." आणि खाली गेला. तळ्यात ओढ्याचं पाणी खेळतं होतं, त्यानं त्याला बर्फाखाली नेलं.

सिग्नलवाला रेडिओवर ओरडत होता. "टायगर फॉर रोमिओ. एक जवान पानी में. मेडिकल भेजो. ओव्हर."

"टायगर, रिपीट. पानी में? ओव्हर."

"बर्फ के नीचे! बर्फ के नीचे!"

आम्ही कुदळींनी तळं फोडलं. गाव फोडत होतं, लामा फोडत होते, सीओ साहेब स्वतः फोडत होते. ऊन उतरता उतरता पास्कू सापडला. त्या दिवसानंतर त्या तळ्यावर तो सगळा हिवाळा कुणी खेळलं नाही.

पास्कूची शवपेटी घेऊन मी पाचूबंदरला आलो. बंदरावर त्या दिवशी मासळीचा लिलाव झाला नाही. चर्चमध्ये मिस्सा झाली, सेमेटरीत बिगुल वाजला. लढाईत गेला नाही, म्हणून कागदावर तो शहीद नाही, अपघात आहे. लोक मला येऊन विचारत होते, गोळी कुठं लागली? काय सांगणार, कपाळ?

मोनी मावशीनं तसलं काही विचारलं नाही. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "पान्यात जल्मलेला पोर पान्यात कसा बुरला? मना खरा सांग."

मी सगळं सांगितलं. डब्याचंही सांगितलं.

"आमचे बंदरात दुसऱ्याचे बोयाला कोन हात नाय लावत," ती म्हणाली. "त्याला म्हायती होता. माझाच पोर तो. म्हायती होता त्याला." आणि मग अशी रडली की मला तिथं उभं राहवेना.

लोक मला विचारतात, सुभेदारसाहेब, पेन्शन घेऊन सातारा सोडून वसई कशी काय निवडलीत? एव्हरशाईन सिटीत फ्लॅट आहे, वालीवच्या एका कारखान्यात सिक्युरिटी बघतो, असं उत्तर देतो. खरं उत्तर आत्ता सांगितलं.

इथं मी हँडबॉलची टीम काढलीय. दरवर्षी पास्कूच्या नावानं एक दिवस मॅच घेतो. बॅनर लावतो, सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकतो, दारोदार जातो. लोक म्हणतात, "हो हो, नक्की येऊ, काका." कोण येतंय! शेजारच्या टर्फवर क्रिकेट चालू असतं, तिथं उभं राहायला जागा नसते. कधीकधी वाटतं, गोळा करावा बाडबिस्तरा आणि जावं गावाला.

पण मावशी येते. पहिल्या वर्षी रिक्षातून आली, अंगावर नवं लुगडं, मांडीवर होडीतला जुना बोया. "हा गोलचे मागं ठेव," म्हणाली. "कोनाला हलवू देऊ नको." तेव्हापासून तो तिथं असतो आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून ती बसते. खेळ तिला कळत नाही. गोलकीपरनं चेंडू अडवला की तेवढ्या टाळ्या वाजवते.

मॅच संपली की लडाखहून स्टॅनझिनचा फोन येतो. एकही वर्ष चुकलेला नाही.

"उस्ताद, कितनी पब्लिक आई?"

"पास्कू की माँ आई थी."

 तो म्हणतो, "फिर तो सब आ गए, उस्ताद."

मी फोन ठेवतो, मावशीला रिक्षात बसवतो, आणि बोया उचलून घरी आणतो. तो उचलायची परवानगी तिनं फक्त मला दिलीय.