बाराशे पानांतलं नेमकं काय वाचायचं?

नायजेरियातल्या न्सुका गावच्या उझोआमाकाला वैद्यकीयच्या प्रवेश परीक्षेनं दोनदा परत पाठवलं होतं. जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, इंग्रजी यांत ती कधी अडली नाही. घात केला तो रसायनशास्त्रानं, त्यातही सेंद्रिय भागानं. लागोसच्या मामानं विद्यापीठातलं बाराशे पानांचं पुस्तक पाठवलं होतं, आणि ते पानन्‌पान वाचायचं असं तिनं मनाशी धरलं होतं. कोणता इलेक्ट्रॉन कुठून कुठं जातो याचे बाण काढण्यात महिने सरायचे आणि चारशेव्या पानाशी परीक्षा येऊन ठेपायची.

तिसऱ्या खेपेला ती चोवीस वर्षांची होती. दिवसभर औषधाच्या दुकानात उभं राहायचं आणि संध्याकाळी आपल्या जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेत अभ्यासाला बसायचं. तिथले मदतनीस बोनिफसकाका सव्वीस वर्षं परीक्षानळ्या धूत आले होते. परीक्षा देऊन आलेली मुलं काय काय विचारलं ते त्यांना सांगत, आणि काका ते वहीत टिपून ठेवत.

एकदा तिचे बाण बघून ते थांबले.

"हे कशाला गं?"

"पुस्तकात आहे, काका."

"पुस्तकात असेल. परीक्षेत आल्याचं मला अजून एकानंही सांगितलं नाही."

मग हात पुसून त्यांनी वही उघडली. संयुगांना नावं देणं, समघटक ओळखणं, अल्केन-अल्कीनमधला फरक, अल्कोहोल, आम्लं, एस्टर, बेन्झिनची तोंडओळख, साबण कसा होतो, साखर आणि प्रथिनं, प्लास्टिक. बाण कुठंच नव्हते.

उझोआमाकाला रागच आला. नळ्या धुणाऱ्या माणसानं मामाचं पुस्तक मोडीत काढावं? दुसऱ्या दिवशी तिनं सायबर कॅफेतून अधिकृत अभ्यासक्रम छापून आणला आणि बोट ठेवून एकेक ओळ वहीशी ताडून पाहिली. काकांच्या वहीतला एकही मुद्दा चुकला नव्हता. बाण तिथंही नव्हते. ती बाकावर डोकं टेकून हसत सुटली, आणि हसता हसता डोळे भरून आले. दोन वर्षं छातीवर बसलेलं ओझं तिचं नव्हतंच मुळी.

मग अभ्यास भराभर उरकू लागला. साबणाचा धडा तर तिला अर्धा आधीच येत होता, कारण आई घरी पाम तेल आणि राखेच्या पाण्याचा साबण करी. नावं देण्याचा सराव मात्र काका रोज करून घेत आणि चुकलं की "पुन्हा कार्बन मोज" एवढंच म्हणत.

चारशेपैकी दोनशे एक्क्याण्णव गुण मिळाले. पुढं विद्यापीठाची चाळणी परीक्षाही पार पडली. ऑक्टोबरमध्ये प्रवेशाचा निरोप फोनवर आला तेव्हा आई बाजारात ओक्पाच्या, म्हणजे पानात बांधून उकडलेल्या पिठाच्या, पुड्या विकायला मांडत होती. तिनं लेकीकडून निरोप वाचून घेतला, पुन्हा एकदा वाचून घेतला आणि जपून विचारलं,

"म्हणजे आता परत बसायचं नाही ना?"

"नाही आई. संपलं."

आई तिथंच स्टुलावर बसली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला तिनं एक पुडी जास्तीची दिली.