तोरणापाशी थांबलेली घोडी

आमच्या शेजाऱ्याकडे वरातीची एक घोडी आहे. लग्नसराई संपली की तो तिला रेसची म्हणतो आणि चहाच्या टपरीवरही गुडघ्याएवढे बूट घालून येतो. "घोडं वळखाले खानदान लागते, भाऊ," हे त्याचं पालुपद.

यंदा पौषात मेडशीला घोड्यांच्या उड्यांची स्पर्धा ठेवली होती. नेमका त्याच दिवशी अवकाळी पाऊस आला आणि बोचरं वारं सुटलं. शहाणी माणसं आपापली घोडी घेऊन परतली. "पान्याले भेतात साले!" म्हणत हा एकटा चिखलात उतरला.

उडी मारायच्या आडव्या बांबूला कुणीतरी हौसेनं झेंडूचं तोरण बांधलं होतं. घोडी दौडत आली, तोरण दिसताच मांडवाच्या दारात थांबावं तशी थांबली आणि नवरदेव उतरायची वाट पाहू लागली. नवरदेव उतरला, बांबूच्या पलीकडे, तोंडावर.

मी धावत गेलो. तोंडावरचा चिखल पुसत तो म्हणाला, "मायी काहीच चूक नाही. तिले थंडी बाधली. पाहा, कशी कापून राह्यली!"

घोडी खरंच कापत होती. मी पळत जाऊन तिची झूल आणून त्याच्या हातात दिली.

ती त्यानं स्वतःच्या अंगाभोवती लपेटून घेतली.