उजेडी घ्यायची गोळी

समडोळीच्या चंदनबालाकाकूंसमोर झोपेच्या गोळीचं कुणी नाव काढलं की त्यांना राग यायचा, पण गोळी कधी चुकत नसे. नवरा बाळगोंडा गेल्यावर डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी म्हणून दिलेली ती गोळी घरातलीच होऊन बसली. डॉक्टर म्हणाले होते, निजताना घ्या. पण काकू जैन, दिवस मावळल्यावर त्यांना पाण्याचा थेंब चालत नसे. मग गोळी उजेडीच जेवणाबरोबर पोटात जायची आणि सांजेच्या आरतीला काकू भिंतीला टेकून पेंगायच्या. रात्रभर झोपूनही सकाळी अंग शिणलेलंच असायचं.

खरं दुखणं वेगळंच होतं. बाळगोंडाअण्णा सगळ्या भावकीच्या स्वप्नात जाऊन आले. सून प्रीतीकडे तर येऊन चहा मागून गेले. फक्त बायकोकडे फिरकले नाहीत. माणूस आपल्यावर रुसूनच गेला, असं काकूंनी मनाशी धरलं होतं आणि ते त्यांना आतून खात होतं.

यंदा दशलक्षण पर्वात त्यांनी उपवास धरले. उपवासात औषध कसलं, म्हणून कुणाला न सांगता गोळीही बंद केली. हात थरथरायला लागले. डोळ्याला डोळा लागेना, आणि लागला की स्वप्नांचा नुसता लोंढा. त्या लोंढ्यात अण्णा आले, गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून ओरडत होते. काकू घामाघूम होऊन उठल्या, तरी सकाळी सांगताना त्यांचं तोंड उजळलं होतं. प्रीतीचं लक्ष मात्र हातांकडे होतं. पारणं होताच तिनं त्यांना सांगलीला डॉक्टरांकडे नेलं, आणि गोळी बंद केल्याचं तिथं बाहेर आलं.

"ही गोळी झोप आणते, पण गाढ झोप आणि स्वप्नं दोन्ही दाबून ठेवते," डॉक्टर म्हणाले. "एकदम सोडली की दाबलेली स्वप्नं उसळतात, म्हणून इतकी भयंकर. फिटचा झटकाही येऊ शकतो. परत सुरू करू आणि हळूहळू कमी करू."

"म्हंजे ह्ये माझ्यावर रुसलं न्हवतं?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. प्रीतीला कळलं.

संध्याकाळी ऊन असतानाच तिनं गोळी पुढं केली. "घ्या, आत्ती."

काकूंनी ती तळहातावर धरली. "आज त्ये यायचं न्हाईत."

काकूंनी गोळी गिळली, वर पाणी घेतलं.

"रुसलं न्हाईत न्हवं," त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "मग थांबतील."