चुन्याखालची नावं

पिराजीअण्णांना मी गेली वीस वर्षं बघते. आमच्या शेजारचंच घर. वय बहात्तर, अंगावर धोतर आणि बंडी. पूर्वी मेंढरं होती, आता दुसऱ्याच्या रानात बटईनं तूर करतात. त्यांच्यावर चार ओळी लिहाव्यात असं फार दिवस मनात होतं. आज पूजा लवकर आटोपली, म्हणून लिहिते.

आमचं गाव जनवाड्याच्या पुढं, कन्नड मुलखातलं, लहानसं. गावाच्या बुरुजापाशी हुतात्म्यांचा दगड आहे. अठ्ठेचाळीस साली रझाकार चालून आले, तेव्हा बुरुजावर राखणीला बसलेली माणसं गेली. पुढं निजामाचं राज्य संपलं, हा मुलूख भारतात आला आणि गावानं त्या माणसांची नावं कोरून दगड उभा केला. दर सतरा सप्टेंबरला तिथं झेंडा लागतो. मी एकादशीला दिवा ठेवते.

दगडाला चुना द्यायचा मान अण्णांच्या घराचा. आधी वडील द्यायचे, मग अण्णा. झेंड्याच्या आदल्या दिवशी अंघोळ करून, उपाशीपोटी, नव्या कुंच्यानं. या दगडाला लोखंड लावायचं नाही, असा त्यांच्या घरचा नेम. म्हणून जुना चुना कधी खरवडलाच नाही. थरावर थर चढत गेले, दगडाच्या कडा गोल झाल्या आणि नावं कधी बुजली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

यंदा पंचायतीनं नवा दगड बसवायचं ठरवलं. शाळेतून रिटायर झालेले अंकुशराव गुरुजी पंचायतीची कन्नड यादी घेऊन अण्णांच्या अंगणात आले आणि त्यांनी ती मराठीत वाचून दाखवली. सहा नावं.

“सातवं?” अण्णांनी विचारलं.

“सातवं कुणाचं?”

“माझ्या चुलत्याचं. कल्लप्पा. मेंढरं खाली बसवून त्यो वर राखणीला गेल्ता. बाप सांगायचा.”

“पिराजी, बापाच्या सांगण्यावर पंचायत नाव कोरत न्हाई. जुन्या दगडावर असल तर दाखव. आठ दिवसांनी यादी जायलीय.”

अण्णांची बायको, बाणूअक्का, दारातूनच म्हणाली, “दाखवतेत की! पन्नास वर्षं सोत्ताच्या हातानं बुजवलं, आता सोत्ताच उकरतेत.”

“छिन्नी लाव,” गुरुजी म्हणाले.

“लोखंड न्हाई.”

“मग काय फुकून काढणार हाईस?”

 दोन दिवस अण्णांचं जेवणावर मन नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी देवाची भांडी चिंचेनं घासत होते, तेव्हा सुचलं. त्यांना हाक मारून म्हटलं, “अण्णा, शहाबादी फरशीवर चिंचेचं पाणी सांडलं की फरशी खाऊन टाकतं. चुन्याला सोडल व्हय?”

मग दगडाला ओली पोती गुंडाळली. घराघरातून चिंच गोळा झाली. बाणूअक्का चिंच कालवायची आणि अण्णा कोळ फासून नारळाच्या करवंटीनं हळूहळू घासायचे. “हुतात्म्यांनी यंदाचं समदं सांबार खाल्लं,” ती म्हणायची. चुन्याचे पापुद्रे सुटायला लागले. चौथ्या दिवशी पहिलं नाव दिसलं. सहावं दिसेपर्यंत यादी जायचा आठवा दिवस उजाडला. चुना ओघळून खाली साचलेला, त्यामुळं तळाशी थर सगळ्यात जाड. तिथंही अक्षरं निघाली. दगडावरचं सगळं कन्नडात, म्हणून अण्णांनी गुरुजींना बोलावून आणलं.

गुरुजी चष्मा पुसून खाली बसले. वाचलं, परत वाचलं.

“‘आणि एक मेंढपाळ.’ एवढंच हाय.”

“आन् नाव?” बाणूअक्का म्हणाली.

“नाव न्हाई.”

अण्णा त्या ओळीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “बापाला वाचता येत न्हवतं, गुरुजी. मलाबी न्हाई. नाव हाय म्हणूनच आमी चुना देत आलो.”

 माझे हात आपसूक जोडले गेले.

गुरुजींनी खिशातून पेन काढलं. “त्या साली गावात धनगराची घरं किती होती?”

“एकच. आमचं.”

“मग दुसरा कोण असणार?” त्यांनी यादीखाली सातवी ओळ लिहिली. “गावातल्या म्हाताऱ्यांचे अंगठे घेऊ. दगडाचा फोटो मी काढतो.”

पंचायतीनं ते मानलं. नव्या दगडावर सात नावं येणार. जुना दगड हलवायचा नाही, नवा त्याच्या शेजारी लावायचा, एवढं अण्णांनी हट्टानं कबूल करून घेतलं. यंदा चुना फक्त दगडाखालच्या ओट्याला दिला.

काल सकाळी ते पाटी घेऊन गुरुजींकडं गेले होते. वर कन्नडात आणि खाली मराठीत ‘कल्लप्पा’ लिहून आणलंय.

“ह्या वयात शाळा कामून?” बाणूअक्कानं चिडवलं.

“दगड आला की ताडून बघाया,” अण्णा म्हणाले. “आता दुसऱ्याच्या वाचण्यावर न्हाई सोडणार.”