पॅकिंग हॉलची लाकडी पाटी

“वाडीवरची ना ती? मग आजार कसला! कुणाचं तरी लगीन असेल. तीन दिवस नाचली असेल.”

अर्ध्या भिंतीपलीकडून एचआरच्या सरांचा आवाज. मग दोघा-तिघांचं हसणं. अलीकडे टाइम ऑफिसच्या, हजेरी-रजेच्या टेबलाशी मी. तीन दिवस तापाने फणफणून त्याच सकाळी एसटीने पेणहून रोह्याच्या कंपनीत परतलेली. मी मान वर केली नाही. मान वर न करणं मी शाळेत शिकले.

आमची कातकरी वाडी पेणच्या डोंगरात. सरकारी योजनेतून मला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात घातलं. माझ्या ताटाशेजारी कुणी ताट ठेवत नसे. इंग्रजी मात्र आलं. त्यावरच ही कंत्राटी नोकरी.

आजारपणातून परतलेली बाई खिडकीशी येऊन कारण सांगते, मी ते इंग्रजी फॉर्मवर टाइप करते. पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, “कामामुळे, असं कधी लिहायचं नाही. घरगुती कारण लिहायचं.” आठ महिने मी तेच लिहिलं.

दिसत नव्हतं असं नाही. पॅकिंग हॉलमध्ये चाळीस बाया आणि संडासला जायला पास म्हणून एकच लाकडी पाटी, सुपरवायझरच्या खुर्चीमागे खिळ्याला टांगलेली. एकीने ती नेली की परत येईपर्यंत बाकीच्यांनी दाबून धरायचं. वर तो विचारणार, “परत? आत्ताच गेलेलीस ना?” म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. सकाळी भरून आणलेल्या बाटल्या संध्याकाळी भरलेल्याच घरी जातात. स्टाफचं बाथरूम कंत्राटी मुलीला नाही. मलाही तीच पाटी. मीही पाणी पिणं सोडलं. लघवीत जंतुसंसर्ग, डॉक्टर म्हणाले.

टेबलावर माझा फॉर्म पडला होता. सरांनीच भरलेला. कारण: घरचं कार्य.

तो हातात असतानाच पॅकिंगमधल्या मावशी खिडकीशी आल्या. खांब गावच्या. वर्षातलं तिसरं आजारपण. हळू आवाजात म्हणाल्या, “मुतताना आग होते, ह्यं पुरुषांपुढं कसं सांगू गो बाय? तू लिव ना कायतरी, नेहमीसारखं.”

नेहमीसारखं. त्यांच्या लाजेवर आणि माझ्या गप्प बसण्यावर हा फॉर्म चालला होता. मला माझीच चीड आली.

सर बाहेर आले. माझ्यापुढे इंग्रजी कागद टाकला. “हिची सही घे. विचारलं तर सांग, रजेचा कागद आहे.”

मी वाचला. मावशींच्या नावाने लिहिलं होतं: वारंवार खोटी कारणं देऊन गैरहजर राहिले, स्वखुशीने काम सोडत आहे.

मावशींनी कागदाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि पेन उचललं. मी सांगेन ते खरं, एवढा भरवसा.

मी पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं.

“मावशी, हा रजेचा कागद नाय. तुम्ही नोकरी सोडताय, असं लिहिलंय. सही करू नका. आणि सर, या मुतायचं दाबून आजारी पडल्या. मीही. चाळीस बायांना पाटी एक आहे म्हणून. आजपासून फॉर्मवर मी हेच लिहिणार. पहिला माझा.”