चौऱ्याहत्तर क्रमांकाचे पिंप

कोठीत एकूण सहाशे बारा पिंपे होती, आणि नाकदादांचा जीव त्यांतल्या एकावर जडला होता.

कोठी म्हणजे भट्टीच्या आवारातले, जमिनीत अर्धे उतरलेले दगडी तळघर. वर भट्टीत धान्याचा अर्क उतरायचा. खाली लाकडाच्या पोटात तो वर्षानुवर्षे निजायचा आणि निजता निजता व्हिस्की व्हायचा. वरचे काम आगीचे, खालचे काम काळाचे. नाकदादा खालचे. एकतीस वर्षे त्यांनी ती ओलसर थंडी अंगावर वागवली. कुठल्या रांगेत पिंप पाझरते आहे हे दारातूनच वासावर सांगायचे, म्हणून हे नाव पडले. कामगार म्हणत, "दादांना सर्दी झाली की कारखान्याला रजा द्यावी लागेल."

पिणे म्हणाल तर त्यांचे मोजके होते. पण त्या मोजक्यात काय तन्मयता, काय आदर! दमट दिवसांत उसाची रम, कडाक्याच्या थंडीत द्राक्षांची ब्रँडी, चारचौघांत बसायचे तर जिन. आणि मन निवांत असेल तेव्हा व्हिस्की, पाण्याचे चार थेंब घालून. पाचवा थेंब नाही. थेंब पडला की ती उमलते असे ते म्हणत, आणि पेला नाकाशी धरून इतका वेळ थांबत की समोरच्याला वाटावे, हे आता काही बोलणार. बोलत काहीच नसत. रविवारी संध्याकाळी दोन पेले भरले जात. बायकोच्या पेल्यात रम, गरम पाणी आणि लिंबाची साल.

"तुमच्या व्हिस्कीला जळक्या दाराचा वास येतो," ती म्हणायची.

"अगं, तोच तर धूर."

"धूरच घ्यायचा तर चुलीपुढे बसते की."

आणि चौऱ्याहत्तर क्रमांकाच्या पिंपाला ती सरळ सवत म्हणायची. "आज सवतीकडे गेला होतात वाटतं. चेहरा बघा कसा फुललाय."

तिचे चुकत नव्हते. चोवीस वर्षांपूर्वी भरलेल्या त्या पिंपाने नाकदादांना वेड लावले होते. वाळलेले जर्दाळू, मेण, संत्र्याची साल, आणि त्या सगळ्यांच्या मागे, अगदी मागे, नुकत्याच धुतलेल्या दगडाचा गार वास. दर वर्षी बाटल्या भरायच्या यादीत त्याचा क्रमांक येई, आणि दर वर्षी दादा म्हणत, "आणखी एक वर्ष राहू द्या. अजून बोलतंय ते." त्यांच्या शब्दाला मान होता. पिंप राहत गेले.

पण पिंप राहते तेव्हा आतले सगळेच राहत नाही. ओलसर तळघरात लाकडातून आधी मद्यार्क उडतो, पाणी मागे उरते. दर वर्षी थोडी धार कमी होते. आणि कायदा असा की मद्यार्क चाळीस टक्क्यांच्या खाली उतरला, मग भले तसूभर का असेना, त्या द्रवाला व्हिस्की म्हणता येत नाही. दुसऱ्या पिंपात मिसळता येत नाही. चोवीस वर्षांची तपश्चर्या परत भट्टीत जाते.

दादांना हे ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? प्रत्येक पिंपाच्या तोंडावर ते मोजलेला आकडा खडूने लिहीत. चौऱ्याहत्तरवर मागच्या वर्षीचा आकडा होता : एक्केचाळीस पूर्णांक एक. वर्षाला अर्धा टक्का जातो असे धरले तरी हाताशी पुरेसे होते.

यंदा मात्र थांबणे नव्हते. शुक्रवारी दादा निवृत्त होणार होते, आणि मालकांनी ठरवले होते की हे पिंप कशातही न मिसळता एकट्याने बाटल्यांत उतरेल. लेबले छापूनही आली : ‘नाकदादांची पसंती’. एकतीस वर्षे ज्याचे नाव हजेरीपटाबाहेर कुठे लिहिले गेले नाही, त्याचे नाव दोनशे बाटल्यांवर लागणार होते. बायकोने लेबल उजेडात धरून पाहिले, पदराने पुसले आणि पुन्हा पाहिले. त्या दिवशी तिने टोमणा मारला नाही. दादांना त्यातच सारे कळले.

बुधवारी सकाळी शेवटचे माप घ्यायचे होते. दुपारी तीनला सरकारी तपासनीस येणार. घरातून निघता निघता बायकोने गुडघ्याच्या तेलाची कुपी त्यांच्या हातात दिली. थंडीने तेल थिजून पांढरे झाले होते.

"धरा जरा ओंजळीत. तुमचे हात म्हणजे शेगडी."

दादांनी धरली. चपला शोधेपर्यंत तेल सुटले, कडेने पाझरू लागले, बघता बघता पातळ झाले. दादा त्या कुपीकडे पाहत उभे राहिले.

"काय झालं हो?"

"काही नाही."

"मग असं भूत पाहिल्यासारखं काय बघताय?"

ते चपला घालून बाहेर पडले. वाटेत कोणी नमस्कार केला, कोणी हाक मारली. त्यांना ऐकू आले नाही. मनात एकच गोष्ट फिरत होती. माप घेताना मद्य काचेच्या उंच नळकांड्यात ओततात आणि त्यात टक्क्यांच्या खुणा असलेला तरंगता काटा सोडतात. काटा जितका खोल बुडेल तितके टक्के जास्त. पण मद्य उबदार झाले की हलके होते, काटा उगाच खोल जातो, आणि आकडा खोटा चढतो. म्हणून तापमान पाहायचे, तक्ता पाहायचा, आकडा दुरुस्त करायचा. दादा तापमान पाहत ते भिंतीवरचे. इतर पिंपांच्या बाबतीत ते चालून जाई. नमुना काढला की लगेच मोजला. पण चौऱ्याहत्तरचा नमुना ते लगेच कधी मोजत? आधी पेल्यात घेत. पेला दोन्ही तळव्यांत धरून पाव तास हुंगत बसत. आणि मन भरले की तेच मद्य नळकांड्यात ओतून मोजत. भिंत थंड, मद्य उबदार. दोन-तीन अंशांची ऊब म्हणजे आकड्यात पुरा एक टक्का.

म्हणजे मागच्या वर्षीचे एक्केचाळीस एक हे खरे तर चाळीस एक होते. आणि त्यावर एक वर्ष उलटले होते.

कोठीच्या दारात मुख्य पारखी बाई उभ्या होत्या. अठरा वर्षांपूर्वी दादांच्या हाताखाली पिंपांचे वास ओळखायला शिकलेली ही मुलगी आज साऱ्या कारखान्याची जीभ होती. तिच्या सहीशिवाय एक बाटली बाहेर जात नसे. दादा चारचौघांत तिला बाई म्हणत, ती त्यांना दादा.

"उशीर केलात. मला वाटलं, निवृत्ती आजपासूनच घेतली."

"गुडघा," दादा म्हणाले. आयुष्यात गुडघ्यावर त्यांनी एवढा भार कधी टाकला नव्हता.

दोघे खाली उतरले. दिव्याच्या पिवळ्या उजेडात पिंपांच्या रांगा निजल्या होत्या. दादांनी लाकडी हातोडीने बूच सैल केले, लांब काचेची नळी आत सोडली, वरचे तोंड अंगठ्याने दाबून नमुना वर काढला आणि सवयीने पेल्यात ओतला. तो गंध वर आला. जर्दाळू, मेण, संत्रे. सवयीने दोन्ही तळवे पेल्याभोवती मिटले.

मिटले ते मिटलेच राहिले.

"घ्या सावकाश," बाई म्हणाल्या. "आज तुमचाच मान आहे. आकडा तुम्ही सांगा, मी सही करते. तपासनीसाचं काय, दहातल्या नऊ वेळा तो कागदच बघतो. चहा प्यायला की जातो."

 दादांना वेगळे काही करायचे नव्हते. खोटे बोलायचे नव्हते, काही लपवायचे नव्हते. दरवर्षी करत आले तेच करायचे, बस. हात आपले काम करत होते. पेला उबदार होत होता. एक मिनिट, दोन मिनिटे. माणूस पाप करायला उठून कुठे जातो? बसल्या जागी, सवयीच्या हातांनी, आवडत्या वासाच्या सोबतीने ते होऊन जाते.

त्यांनी मद्य नळकांड्यात ओतले. काटा सोडला. काटा डुलला, स्थिरावला. भिंतीवरचे तापमान पाहिले, तक्त्यावरून बोट फिरवले.

"चाळीस पूर्णांक सहा," ते म्हणाले.

"वा." बाईंनी कागद गुडघ्यावर घेतला, आकडा लिहिला, पेनाचे टोक सहीच्या रेघेवर टेकवले. "जरा घाबरले होते हो मी. काल स्वप्नात साडेएकोणचाळीस आलं होतं." त्या हसल्या. नावाचे पहिले अक्षर उमटले.

"थांब, पोरी."

बाईंनी मान वर केली. कित्येक वर्षांत कोठीत त्यांना कोणी पोरी म्हटले नव्हते.

"ते नळकांडं त्या पाण्याच्या हौदात ठेव. दगडाला टेकवून. आणि तुझ्या खिशातला तापमापक त्यात सोड. भिंतीवरचा नको."

"कशाला?"

"निवू दे. मग मोजू."

बाईंनी ठेवले. मग परतून दादांसमोर उभ्या राहिल्या. आता त्या हसत नव्हत्या.

"मी ते हातात धरून बसतो," दादा म्हणाले. "दरवर्षी. आधी वास, मग माप. आज सकाळी कळलं."

"सकाळी कळलं. आणि आत्ता मला चाळीस सहा सांगितलंत."

"हो."

"मी सही करत होते, दादा."

"हो."

"तपासनीसानं मोजलं असतं तर तुमच्या लेबलावर आणि माझ्या सहीवर डाग लागला असता."

  हौदाचे पाणी काठाशी हलकेच हलत होते. बाईंनी तापमापक उचलून पाहिला, पुन्हा आत सोडला.

"किती पिंपं अशी मोजलीत?"

"हे एकच."

"कशावरून?"

"बाकीच्यांना कधी हातात धरून बसलो नाही."

बाईंच्या तोंडून नकळत एक सुस्कारा गेला. रागाच्या भरातही त्यांना ते वाक्य खोटे म्हणवेना. त्या एका उपड्या पेटीवर बसल्या. मद्य निवायला वीस मिनिटे लागणार होती. इतकी वर्षे ज्या तळघरात दादांना वेळ पुरत नसे, तिथे आज तो सरकेना. मनातल्या मनात ते आकड्याला विनवत होते : चाळीस हो. नुसते चाळीस. वरचे काही नको. चोवीस वर्षे मी तुला जपले, एक टिपूस तू मला दे. आणि आतला दुसरा आवाज, शांत आणि निष्ठुर, विचारत होता : जपलेस की अडवलेस? पाच वर्षांपूर्वी ते तयार होते. चार वर्षांपूर्वी तयार होते. लोक ते प्यायले असते, हसले असते, पुढे आठवत राहिले असते. तुला सोडवले नाही.

"बारा अंश," बाई म्हणाल्या. "कोठीइतकंच. या."

काटा पुन्हा सोडला. दादांनी चष्मा पुसला, वाकले, डोळा द्रवाच्या पातळीला आणला. बाई तक्ता धरून थांबल्या. काटा हलायचा थांबला तरी दादा वाकलेलेच राहिले.

"दादा, तुम्ही वाचा. मी नाही बघत."

"एकोणचाळीस," दादा म्हणाले. "दुरुस्ती धरून एकोणचाळीस पूर्णांक सात."

बाईंनी पुन्हा मोजले. तेच आले. तिसऱ्यांदा त्यांनी मोजले नाही. कागद फाडला, त्याचे चार तुकडे केले आणि कोटाच्या खिशात ठेवले.

"परत भट्टीत जाईल," त्या म्हणाल्या. "मला दुसरं काही करता येणार नाही."

"करूही नकोस."

"लेबलं..."

"बायकोला एक दिलंय. ते राहू दे तिच्याकडे."

दादांनी खडू घेतला. एक्केचाळीस एक हा आकडा बाहीने पुसला आणि त्या जागी एकोणचाळीस सात लिहिले. अक्षर नेहमीसारखेच ठसठशीत आले, याचे त्यांनाच नवल वाटले. मग बूच बसवायला ते वाकले, तशी बाईंनी हात आडवा केला.

"थांबा. अठरा वर्षं मी या पिंपाजवळ आले की तुम्ही म्हणायचात, अजून नाही. एकदाही प्यायला दिलं नाहीत. हुंगायला दिलंत, जिभेवर टेकवून थुंकायला दिलंत. आता एक घोट पिऊ द्या."

दादांनी दोन पेले भरले. पाण्याचे चार थेंब घालायला हात गेला, तशा बाई म्हणाल्या, "मला दोनच." दादांनी त्यांच्या पेल्यात दोनच घातले. बाईंनी घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि आयुष्यभराची शिस्त मोडून गिळला. 

"कसं आहे?" दादांनी विचारले. 

"धार गेलीय," बाई म्हणाल्या. "जर्दाळू आहे, मेण आहे. पण शेवटी आपलं काही सांगत नाही. विझतं. पाच वर्षांपूर्वी काय असेल हो हे." त्यांचे डोळे भरले, रागाने की आणखी कशाने, ते त्यांनाही सांगता आले नसते. "मला तेव्हा हे मिळायला हवं होतं, दादा."

दादांनी आपला घोट घेतला. नाकाने नव्हे, पहिल्यांदाच कानाने ऐकल्यासारखा घेतला. खरेच विझत होते. दर वर्षी विझत आले होते, आणि दर वर्षी ते आठवणीतले पीत होते.

"खरं आहे तुझं," ते म्हणाले.

वरून कोणीतरी हाक मारून विचारले, बाटलीखात्यात पिंप कधी पाठवणार? बाईंनी डोळे पुसले आणि वर तोंड करून ठाम आवाजात सांगितले, "पाठवत नाही. साहेबांना सांग, मी येऊन बोलते." मग खिशातून तापमापक काढून तो फडक्याने पुसला.

"या रांगेत एकोणीस पिंपं आहेत. तीनच्या आत सगळी पुन्हा मोजायची. एकच चुकलं असं तुम्ही म्हणालात, पण मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

"बघायलाच हवं."

"तुम्ही नमुना काढायचा. धरायचा नाही."

"मोज तू," दादा म्हणाले. त्यांनी हातोडी उचलली, शेजारच्या पिंपापाशी गेले आणि बुचाला पहिला ठोका दिला.